डी मॉइनची ऑफर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: न्यू जर्सीत कन्सल्टिंग कंपनीमार्फत विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं झाली, आता आयोवा राज्यातल्या डी मॉइनच्या एका आयुर्विमा कंपनीकडून कायम नोकरीची ऑफर हातात आहे. पगार जरा कमी. पत्नी बियाण्यांच्या जनुकशास्त्रात एम.एस्सी., मुलगी पाच वर्षांची. आणि शेवटची ओळ, जी मला वाटतं खरी रुखरुख आहे: "दोन लाख वस्तीचं गाव, जो तो विम्यात. उद्या विमा बसला तर आम्ही कुठे जायचं?"

मी २००८ पासून डी मॉइनमध्ये आहे. बिझनेस ॲनालिस्ट म्हणून आले, आता जुन्या पॉलिसी एका सिस्टीममधून दुसरीत हलवण्याची कामं बघते. आतापर्यंत चार मालक बदलले. त्यातला एक बदल माझ्या मर्जीने नव्हता, ते पुढे सांगतेच.

पहिल्यांदा उच्चार. स्पेलिंग बघून 'डेस मोइनेस' म्हणू नका, दोन्ही 'एस' मुके आहेत. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी तसंच म्हणाले होते. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वाक्यात त्यांनी 'डी मॉइन' जरा सावकाश उच्चारलं. इथली माणसं चूक अशीच दाखवतात.

आता तुमचा आकडा. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती २,१४,१३३ होती हे बरोबर. पण नोकरी शोधताना तो आकडा कामाचा नाही. वेस्ट डी मॉइन, अँकनी, अर्बनडेल, जॉन्स्टन, वॉकी ही सगळी एकमेकांना चिकटलेली गावं आहेत, आणि ती धरून वस्ती सात लाखांच्या आसपास जाते. पाटी वेगळी, महापौर वेगळा, पण गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत सगळीकडे पोचता येतं. त्यामुळे शहर मोठं की लहान यावर डोकं खर्च करू नका. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रश्नाचा सूर तसा आहे), तर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत, घर न हलवता, तुमच्या हातातल्या कामाला दुसरं दार सापडेल का? मी तुमच्या जागी असते तर एवढंच तपासलं असतं. याचं उत्तर शहरावर जेवढं अवलंबून आहे तेवढंच तुमच्यावरही आहे.

विमा इथेच का एकवटला, हे समजलं की पुढचं सोपं जातं. फ्रेडरिक हबेल यांनी १८६७ मध्ये इक्विटेबल ऑफ आयोवा काढली. १८७९ मध्ये एडवर्ड टेंपल नावाच्या बँकरने बँकवाल्यांसाठी बँकर्स लाइफ असोसिएशन सुरू केली. तीच आजची प्रिन्सिपल ही कंपनी. भोवती सगळा शेतकरी मुलूख, आग आणि गारपिटीसाठी एकमेकांत वर्गणी काढून नुकसान भरून देण्याची सवय जुनी. पण सुरुवात चांगली झाली म्हणून दीडशे वर्षं धंदा टिकत नाही. टिकला तो दोन रूक्ष कारणांनी.

एक म्हणजे आपल्याकडे जशी सगळ्या देशासाठी एकच आयआरडीएआय आहे, तसं अमेरिकेत नाही. विम्यावर देखरेख राज्यांची. कंपनी ज्या राज्यात नोंदलेली असेल, तिथला विमा आयुक्त तिची तब्येत तपासतो. डी मॉइन राजधानी आहे. सोनेरी घुमटाचं विधानभवन नदीच्या पूर्वेला, विमा कंपन्यांच्या इमारती पश्चिमेला, मध्ये काही मिनिटांचं अंतर. नवी योजना मंजुरीला टाकली आणि खात्याने शंका काढली, तर आमचा ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारा तज्ज्ञ, स्वतः जाऊन समजावून येतो.

दुसरं कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. जवळपास प्रत्येक राज्य विमा कंपनीने गोळा केलेल्या हप्त्यांवर कर घेतं. आणि यात 'जशास तसे' असा नियम बहुतेक राज्यांत आहे. समजा तुमच्या कंपनीचं मूळ राज्य बाहेरच्या कंपन्यांकडून दोन टक्के घेतं. मग स्वतः दीड टक्का घेणारं दुसरं राज्यही तुमच्या कंपनीकडून दोनच टक्के वसूल करणार. म्हणजे मूळ राज्याचा दर जेवढा चढा, तेवढा भुर्दंड देशभर. आयोवाने २००० नंतरच्या दशकात हा दर टप्प्याटप्प्याने दोनावरून एक टक्क्यावर आणला. देशभर धंदा करणाऱ्या कंपनीला आयोवात घर करणं परवडतं ते त्यामुळे. स्वस्त जागा, ड्रेक विद्यापीठातून दरवर्षी बाहेर पडणारे ॲक्च्युअरी, या गोष्टी आहेतच, पण माझ्या मते त्या नंतर येतात.

आता 'जो तो विम्यात' याबद्दल. विमा हा एक धंदा नाही, तीन-चार आहेत, आणि ते एकाच पावसात भिजत नाहीत. १९११ ची ईएमसी घरं, दुकानं, अपघात यांचा विमा करते. नेशनवाइडचंही मोठं काम इथे आहे, १९९८ मध्ये त्यांनी इथली अलाइड घेतली तेव्हापासून. या लोकांचं वर्ष वादळ आणि गारांवर ठरतं. वेलमार्क आरोग्य विम्यात. आणि तुमची ऑफर आहे त्या गटाचं, म्हणजे आयुर्विमा आणि ॲन्युइटीचं, वर्ष ठरतं व्याजदरावर.

ॲन्युइटी म्हणजे आपल्याकडच्या पेन्शन योजनेची चुलत बहीण. निवृत्तीला आलेला माणूस एक लाख डॉलर एकरकमी देतो. कंपनी म्हणते, मुद्दल बुडणार नाही, व्याज एवढं किंवा शेअर निर्देशांकाच्या अमुक भागाइतकं, पण काही वर्षं पैसे मध्येच काढलेस तर दंड. कंपनी ते पैसे मुख्यतः रोख्यांत घालते, आणि मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज ही तिची भाकरी. व्याजदर वाढले की लोकांना देऊ केलेला दर आकर्षक दिसतो आणि विक्री धो-धो होते. २०२२ आणि २०२३ मध्ये देशभर ॲन्युइटीची विक्री विक्रमी झाली ती याचमुळे.

याच शहरात व्याजदराच्या दुसऱ्या टोकाला बसलेले लोकही आहेत. वेल्स फार्गोचा गृहकर्जाचा कारभार वर्षानुवर्षं इथून चालतो. दर वाढले, नवी कर्जं आटली, बँकेनेच त्या धंद्यात हात आखडता घ्यायचं ठरवलं आणि २०२२-२३ मध्ये इथल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या शेजारच्या घरातला नवरा तिकडे होता आणि बायको ॲन्युइटीत. एकाच्या हातात नारळ आणि दुसरीला ओव्हरटाइम, एकाच छपराखाली. डी मॉइनची अर्थव्यवस्था कुणी विचारली की मी हेच घर सांगते.

म्हणून सगळा विमा एकदम बसेल ही भीती मला फारशी वाटत नाही. मला भीती वाटते ती मालक बदलण्याची. इथल्या पाट्यांचा इतिहास बघा: इक्विटेबल ऑफ आयोवा १९९७ मध्ये आयएनजीकडे गेली. इथलीच अमेरअस ही विमा कंपनी २००६ मध्ये ब्रिटनच्या अविवाने घेतली. अविवाने वेस्ट डी मॉइनमध्ये झगमगीत नवं मुख्यालय बांधलं, २०१० मध्ये त्यात राहायला गेले, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतला धंदाच अथीनला विकला. त्याच इमारतीवर आता अथीनचं नाव आहे, आणि अथीन न्यूयॉर्कच्या अपोलो या गुंतवणूक कंपनीच्या घरात. अमेरिकन इक्विटी २०२४ मध्ये ब्रुकफील्डकडे. या नव्या मालकांना मुख्यतः त्या पॉलिसींमागचा पैसा गुंतवायला हवा असतो. गुंतवणुकीचे निर्णय बाहेरच्या मोठ्या शहरांत होतात. पॉलिसी सांभाळणं, हिशेब, ग्राहकाचा फोन, सिस्टीम, हे डी मॉइनमध्ये राहतं, कारण ते न्यूयॉर्कला नेणं महाग पडतं. पण प्रत्येक विक्रीनंतर दोन सिस्टीमची एक होते, आणि दोन टीमचीही.

माझं तसंच झालं. कंपनीचं नाव सांगत नाही. एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाची मीटिंग येऊन पडली, विषयाची ओळ कोरी. साडेनऊला माझा बॅज टेबलावर होता. तेव्हा मी व्हिसावरच होते आणि मुलगा नऊ महिन्यांचा. एकेचाळिसाव्या दिवशी नवी ऑफर आली. ती इमारत जुन्या इमारतीपासून स्कायवॉकने चालत सात मिनिटांवर. घर तेच, पाळणाघर तेच, पार्किंगचा पाससुद्धा तोच.

ती ऑफर का आली हे महत्त्वाचं. माझं जावास्क्रिप्ट चांगलं होतं म्हणून नाही. आधीच्या कंपनीत आम्ही १९८० च्या दशकातल्या पॉलिसी नव्या सिस्टीमवर हलवत होतो. एका योजनेत जुना आणि नवा आकडा जुळेना. फरक एका पॉलिसीमागे काही सेंटांचा, पण पॉलिसी हजारोंनी. तीन आठवडे गेले. शेवटी निवृत्त झालेल्या एका बाईंना कॉफीला बोलावलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "या योजनेत वर्ष ३६० दिवसांचं धरायचो गं, फक्त पहिलं वर्ष ३६५ चं." हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. मी ते लिहून ठेवलं, तशा शंभरेक गोष्टी लिहून ठेवल्या, आणि तिथल्याच एका माजी सहकाऱ्याने नव्या जागी माझं नाव सुचवलं. या शहरात असं ज्ञान विकलं जातं. निव्वळ टेस्टिंग किंवा निव्वळ प्रोग्रॅमिंग, ज्यात विमा नावापुरता, त्याला इथे न्यू जर्सीच्या मानाने दारं कमीच आहेत. आणि हो, माणसं सगळीकडे तीच असतात. कुणाशी वाकडं घेऊन नोकरी सोडायची सोय इथे नाही, दोन वर्षांनी तोच मुलाखतीला समोर बसलेला असतो.

इथवरचं दोन ओळींत: दहा वर्षांत तुम्ही विमा शिकला असाल (योजना कशी चालते, राखीव निधी म्हणजे काय, दंड कसा मोजतात), तर हे शहर तुम्हाला न्यू जर्सीपेक्षा सुरक्षित आहे. फक्त विमा कंपनीसाठी कोड लिहिला असेल, तर नाही.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ऑफरपेक्षा तीच जास्त वजनदार वाटते. हेन्री वॉलेस, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२६ मध्ये डी मॉइनमध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. तीच पायोनियर. १९९९ मध्ये ती पूर्णपणे ड्युपाँटकडे गेली आणि आता कॉर्टेव्हाचा भाग आहे. जॉन्स्टनमधलं त्यांचं संशोधन केंद्र मोठं आहे. उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर एम्सला आयोवा स्टेट विद्यापीठ, तिथला शेतीविभाग नावाजलेला. अमेरिकेत बियाण्याच्या शास्त्रातल्या माणसाला याहून बरी जागा क्वचितच मिळेल. त्यांना काम करण्याची परवानगी आहे का, हे तेवढं वकिलाला विचारून घ्या, कारण गणित तिथेच फिरतं.

त्यांना नदीकाठच्या जुन्या वाचनालयाच्या इमारतीतही घेऊन जा. तिथे वर्ल्ड फूड प्राइझचं दालन आहे. नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार इथले ट्रकवाहतुकीतले उद्योगपती जॉन रुआन यांनी १९९० मध्ये आधार देऊन डी मॉइनला आणला. पहिला मान १९८७ मध्ये स्वामिनाथन यांचा, आणि १९९८ चा आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांचा, महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक. मक्याच्या मुलखात, संगमरवरी जिन्याच्या इमारतीत जालन्याच्या माणसाचं नाव वाचताना मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. तुम्हीच बघा.

डेटा सेंटरबद्दल तुम्ही ऐकलं असेल. वेस्ट डी मॉइनला मायक्रोसॉफ्टची, अल्टूनाला मेटाची. बातम्यांत मोठी दिसतात, इमारती खरोखर अवाढव्य आहेत, पण एकदा बांधून झाल्या की आत माणसं मोजकी. त्यांच्या भरवशावर येऊ नका. त्यांचा संबंध आम्हाला जाणवतो तो पाण्यात. यंत्रं थंड ठेवायला त्यांना पाणी लागतं. २०२२ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांनी वेस्ट डी मॉइनच्या एकूण पाण्यापैकी साधारण सहा टक्के वापरलं.

पाणी हा इथला दुखरा विषय आहे. मी कोल्हापूरची, पुराचं मला कुणी कौतुक सांगू नये. तरी २००८ च्या जूनमध्ये मी इथे उतरले त्याच महिन्यात डी मॉइन नदीचा बांध एका वस्तीजवळ फुटला आणि पंचगंगेची आठवण झाली. जुने लोक १९९३ बद्दल बोलतात. तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रच बुडालं आणि अडीच लाख माणसांना बारा दिवस नळाला पाणी नव्हतं. पण रोजचा प्रश्न नायट्रेटचा. वरच्या मक्याच्या शेतांतलं खत जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून रॅकून नदीत येतं, आणि आम्ही तीच नदी पितो. पाणी कंपनीने नायट्रेट काढायचा खास प्रकल्प नव्वदच्या दशकापासून चालवलाय, २०१५ मध्ये वरच्या तीन काउंट्यांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात नायट्रेट इतकं चढलं की हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. नळाचं पाणी मर्यादेत ठेवतात, पण तान्ह्या बाळाचं दूध कालवायचं असेल तर लक्ष ठेवावं लागतं. शेती या राज्याला पोसते आणि तिचंच बिल शहराच्या पाणीपट्टीत येतं. यावर इथे कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण निम्म्या लोकांचे मामा शेतकरी आहेत.

पगाराचं बोलू. आयोवाचा आयकर २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के. घरं न्यू जर्सीच्या मानाने बरीच स्वस्त, पण मालमत्ता कर कमी असेल असं समजू नका. घर बघताना एजंट मासिक हप्ता सांगेल, त्यात हा कर धरलाय का ते विचारा. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. आमच्या पहिल्या अपार्टमेंटचं पार्किंग संपलं की थेट मका सुरू व्हायचा. ऑक्टोबरात कंबाइन फिरलं की गाड्यांवर पिवळट भुसा, आणि दुसऱ्या दिवशी क्षितिज एकदम तीन मैल लांब गेलेलं.

गैरसोयी सांगते, कुणी सांगत नाही म्हणून. भारताला थेट विमान नाही. शिकागोला गाडीने पाच-साडेपाच तास. मंदिर उत्तरेला मॅड्रिड नावाच्या गावात (उच्चार स्पेनसारखा करू नका, इथे तो 'मॅ'वर जोर देऊन करतात). मराठी घरं आहेत, गणपती होतो, पण ओव्याचं पाकीट संपलं तर शेजारणीचं दार ठोठवावं लागतं. हिवाळ्यात उणे वीस होतं. म्हणून शहराच्या मध्यात सुमारे चार मैलांचे काचेचे स्कायवॉक आहेत. जानेवारीत बारा वाजता बघा, गळ्यात बॅज, अंगात नुसता शर्ट, हजारो माणसं इमारतीतून इमारतीत जेवायला चाललेली, आणि खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या वर्षी मला ते फार उदास वाटलं होतं. आता मी त्या काचेतूनच ओळखी करते.

होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्ही ज्या पॉलिसींवर काम करणार त्या अजून विकल्या जातात की बंद झालेल्या आहेत? बंद गठ्ठा विकायला सोपा असतो. गेल्या पाच वर्षांत मालक बदललाय का, आणि दोन सिस्टीम अजून वेगवेगळ्या आहेत का? आणि तिसरं जरा अवघड: तुमच्या कामाची जुळी टीम भारतात आहे का? प्रिन्सिपलचं स्वतःचं कार्यालय पुण्यात आहे, बाकी अनेकांचं काम कन्सल्टिंग कंपन्यांमार्फत पुणे-हैदराबादला जातं. माझ्या रोजच्या कॉलवर पलीकडे मगरपट्ट्यातली मंडळी असतात. तुमचं काम पूर्णपणे कागदावर उतरवण्यासारखं असेल, तर ते आपल्याच गावाला जायला वेळ लागत नाही.

कंपनी शहर बघायला बोलावेल, तेव्हा मे किंवा ऑक्टोबरची तारीख सुचवतील. कोर्ट ॲव्हेन्यूवर शनिवारचा शेतकरी बाजार भरलेला असतो, सगळं गोजिरवाणं दिसतं. तुम्ही फेब्रुवारी मागा. पत्नीला आणि मुलीलाही आणा, आणि एक दिवस जॉन्स्टनसाठी मोकळा ठेवा.